वॉलफ्लॉवरची भाजी

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं, आणि लपवाछपवी मला जमत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर होतं. सहा वर्षांची असताना मला देवी आल्या. वाचले, पण दोन्ही गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, काही म्हणजे काही सुटलं नाही. लहानपणी त्याचं फारसं वाटलं नाही. पुढे मास्तरणीचा कोर्स करून नोकरीला लागले, घरात लग्नाचं बोलणं निघालं, आणि तेव्हा त्या वणांनी हिसका दाखवला. तीन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. तिन्ही वेळा पोहे संपले, चहा संपला, आणि ‘मंग कळवतो’ म्हणून मंडळी उठली. कळवलं कोणीच नाही.

चौथ्या वेळी आली ती हिवरखेडची एक बाई, भावाला सोबत घेऊन. मुलगा अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून होता. बाई स्वतः जन्मभर लोकांच्या वावरात निंदणाला आणि कापूस वेचायला जाणारी. नवरा लवकर गेलेला. तिनं एकटीनं राबून पोराला अमरावतीच्या बोर्डिंगात ठेवलं आणि मॅट्रिक केलं. छप्पन साली आमच्यासारखीच त्यांनीही दीक्षा घेतलेली. बाईनं मला शेजारी बसवून घेतलं. माझे दोन्ही हात हातात घेतले, तळवे चाचपले, मग माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि भावाला म्हणाली, “पोरगी पसंत हाये मले. उठ आता, गाडी चुकन.”

मी थक्क झाले. आई तर आत जाऊन रडलीच. माझं तोंड पाहूनही जिच्या कपाळावर आठी पडली नाही, अशी ती पहिली बाई. तिच्यासाठी मी जीव टाकला असता, आणि हे मी आजही तितक्याच जोरानं म्हणते.

लग्न झालं आणि मी अमरावतीला आले. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत बदली मिळाली. आत्याबाई (सासूला आमच्यात असंच म्हणतात) हिवरखेडलाच राहायच्या. वर्षातून दोनदा चार-चार दिवस येऊन जायच्या. पण त्या चार दिवसांत मला एक गोष्ट टोचायला लागली. ही बाई माझ्याकडे बघतच नसे. मी समोर उभी राहून बोलत असले तरी तिची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. मी न बोलता आत आले तर “कोन हाये?” म्हणून विचारायची, जणू मी भाडेकरू. तांदूळ निवडायला दिले तर सूप माझ्याकडे सरकवून म्हणायची, “तूच निवड व बाई, तुह्ये डोळे तरने हायेत.” मी मनाशी हिशेब बसवला, की घाईत पसंती देऊन टाकली आणि आता पस्तावते आहे. तोंड बघवत नाही माझं. आणि हा हिशेब मी तीन वर्षं मनात घोळवत राहिले.

फुलांचं वेड त्याच काळातलं. आमच्या क्वार्टरच्या मागे चार हात रुंदीचं अंगण आणि शेवटाला विटांची भिंत होती. लोकांची नजर माझ्या तोंडावरून पटकन खाली घसरते, हे मला पाठ होतं. निदान माझ्या अंगणात तरी ती थांबावी, असं काहीतरी मला हवं होतं. पुण्याच्या एका बीवाल्याचं रंगीत चित्रांचं पुस्तक शाळेत यायचं. त्यात एका पानावर वॉलफ्लॉवर होतं. विलायतेत जुन्या भिंतींच्या कडेनं उगवतं म्हणे, आणि थंडी सरता सरता फुलतं. तांबूस, पिवळं, गर्द किरमिजी, सगळे रंग एकाच वाफ्यात. मी पोस्टानं बी मागवलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “वऱ्हाडात कसले विलायती फूल लावून राहिली? शेवंती लाव ना सरळ!” म्हटलं, बघूच.

पहिल्या वर्षी एकही झाड जगलं नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि या झाडाच्या मुळांना ओल सोसत नाही. सगळी रोपं खालून कुजली. दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. रस्त्यापलीकडे एक जुनी भिंत पाडत होते, तिथून चुना-विटांचा राडारोडा घमेल्यानं वाहून आणला आणि भिंतीच्या कडेचा दोन हात वाफा त्यानंच भरला. गणपती उठल्यावर कुंडीत बी पेरलं, सावलीत रोपं वाढवली, दिवाळीच्या सुट्टीत वाफ्यात लावली. बत्तीस रोपं. एकही मेलं नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर मी त्यांच्याशी बोलायची देखील. नवरा हसायचा.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले आणि आत्याबाई आल्या. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. जिनं आयुष्यात एक वेचणी चुकवली नव्हती, ती गाठोडं घेऊन दारात उभी. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, “कंबर दुखते यंदा. राहतो थोडे दिवस.” आम्हीही जास्त खोदून विचारलं नाही. आपल्याच माणसाला काय खोदायचं, असं वाटलं. आता वाटतं, खोदायलाच हवं होतं.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. एके दिवशी पाचच्या सुमारास शाळेतून आले. आत्याबाई मागच्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. समोर परात, आणि परातीत कोवळ्या पाल्याचा ढीग. माझी चाहूल लागताच हसून म्हणाल्या, “आली काय? घे, भाजी खुडून ठेवली. कायची हाये ते नाई समजलं, पन पान चाखून पाह्यलं तं मोहरीवानी लागते.”

मी भिंतीकडे पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस रोपांचे शेंडे गेले होते. एकही सुटलं नव्हतं. सगळी मुंडकं नसल्यासारखी बोडकी उभी. माझ्या हातातली वह्यांची पिशवी खाली पडली, ती पडल्याचंही मला कळलं नाही.  मी अशी ओरडले, की दोन्ही बाजूंच्या क्वार्टरांतली माणसं बाहेर आली.

शाळेत मी शुद्ध बोलायची. त्या दिवशी जुन्या शहरातली बोली जशीच्या तशी बाहेर पडली. “हे काय करून ठेवलं तुमी? भाजी हाये का हे? फुलाचे झाडं हायेत माह्ये! भाजी कोनती, फूल कोनतं, दिसत नाई का तुमाले? माह्याकडे तं पाहात नाईच, मंग झाडाकडे तरी पाहावं ना! दिसत नाई का?”

आत्याबाईंचा हात परातीत होता. तो तिथंच राहिला. त्या खाली मान घालून म्हणाल्या, “नाई दिसत, बाई.”

मला वाटलं, उलटून बोलताहेत. तेवढ्यात नवरा कचेरीतून आला होता, तो दारातच थबकलेला. त्यानंही ऐकलं. तो पुढे झाला, आईसमोर उकिडवा बसला आणि आपली तीन बोटं तिच्या तोंडापुढे धरली. काही बोलला नाही. आत्याबाईंनीही काही ओळखलं नाही. त्यांची नजर त्याच्या हाताच्या आरपार, मागच्या उजेडाकडे. मग त्यांनी विचारलं, “कोन हाये समोर? तू आला काय रे?”

 इतकी हादरलेली मी त्याआधी कधी नव्हते. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. बाराव्या वर्षी बोर्डिंगात गेलेला मुलगा, सुट्टीपुरता घरी. त्यालाही कशाचा पत्ता नव्हता. थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. चार-पाच वर्षांपासून धूर पसरल्यासारखं दिसायचं. मग नुसत्या सावल्या. कापूस पांढरा म्हणून दिसायचा, बाकी हाताच्या सवयीवर काम चालायचं. यंदा वेचलेल्या कापसात पाला-काडी येऊ लागली. वेचणीवरच्या मुकादमानं चार बायांसमोर ओंजळ भरून तो कचरा दाखवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. “दाखवला म्हनतो मी,” आत्याबाई म्हणाल्या, “मले कुठं दिसला? आयकला.”

“सांगितलं का नाही?” नवरा ओरडला.

“कोनाले सांगू? आंधळी म्हतारी कोनाले पायजे?”

मी पाणी आणायला आत गेले आणि माठाजवळ उभी राहिल्यावर माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. चार-पाच वर्षं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. म्हणजे अकोल्याला मला बघायला आल्या तेव्हा ही बाई मला बघतच नव्हती. तिला माझं तोंड दिसलंच नव्हतं. जिच्या कपाळावर आठी पडली नाही म्हणून मी जीव टाकायला तयार होते, तिला आठी पाडण्यासारखं काही दिसलंच नव्हतं! मला चौथ्या वेळीही कोणी पसंत केलं नव्हतं. तांब्या हातात घेऊन मी किती वेळ तशीच उभी होते, कोण जाणे.

डॉक्टरनं तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजव्याचा पिकला आहे. ऑपरेशन केलं की दिसेल. पौषात अमरावतीलाच डोळ्यांचं शिबिर होतं, नाव नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. नवरा दौऱ्यावर गेला होता.

मी नाव नोंदवलं नाही. इथे लेखणी अडते आहे, पण लिहिते. रोज शाळेतून येताना शिबिराच्या फलकापुढून यायची आणि उद्या नोंदवू म्हणायची. नवऱ्याला सांगितलं, फार थंडी आहे, त्यात परीक्षा आल्या, पुढच्या शिबिरात बघू. त्यानं विश्वास ठेवला. आत्याबाई तर काही मागतच नव्हत्या. खरं कारण एवढंच होतं की त्यांना दिसायला लागलं तर पहिल्यांदा त्यांच्यासमोर मी येणार होते. तीन पाहुण्यांची खाली गेलेली नजर मी सोसली होती. या बाईची सोसली नसती. एका बाईला आंधळं ठेवून मी आपलं तोंड वाचवत होते, आणि हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

इकडे भिंतीकडेला वेगळंच चाललं होतं. त्या बोडक्या रोपांचं मी पाणीसुद्धा चार दिवस तोडलं होतं. नंतर सहज पाहिलं तर प्रत्येक खुडलेल्या जागेखाली चार-पाच फुटवे. मार्गशीर्षात झाडं रुंद झाली, पौषात गच्च भरली. मी आत्याबाईंना सांगितलं तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. “हरभऱ्याचे शेंडे कावून खुडतेत मंग? शेंडा ठेवला का झाड नुसतं वर पळते. खुडलं का फुटते. भाजीची भाजी होते, झाडाचं झाड. तू उगाच बोंबलली.” त्यांनी भाजी समजून खुडलं होतं खरं, पण खुडताना झाडाचंही भलं पाहिलं होतं. नंतर मी ते बीवाल्याचं पुस्तक काढून चित्राखालचा बारीक इंग्रजी मजकूर शब्दकोश घेऊन वाचला. त्यातही तेच होतं, रोपं लावल्यावर शेंडे खुडावेत. दोन वर्षं पुस्तक जवळ असून मी फक्त चित्र बघत आले होते.

माघाच्या शेवटी पहिली फुलं उमलली. दुपारी मी भांडी घासत होते. ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंनी एकदम मान वर केली. “हा वास कायचा व?”

मी त्यांना हात धरून भिंतीपाशी नेलं. त्या खाली बसल्या. बोटं हलकेच एका तुऱ्यावरून फिरवली, पाकळ्या मोजल्या. “चार पाकळ्या. मोहरीवानीच.” मग विचारलं, “रंग कसा हाये?”

“तांबडा. थोडा पिवळा.”

“तांबडा म्हंजे कसा? गेरूवानी? का मिरचीवानी? का पळसावानी?”

मी फुलाकडे बघत राहिले. गेरू नाही, मिरची नाही, पळसही नाही. यातलं थोडं थोडं होतं, पण मला सांगता येईना. विद्यार्थिनींना निबंध शिकवणारी मी, एका फुलाचा रंग मला सांगता येईना.  मग आत्याबाई पदरानं बोटं पुसून म्हणाल्या, “जाऊ दे. माह्या नशिबात वास हाये, वास घेतो.” आणि तोंड फुलात खुपसून बसल्या.

त्यांच्या आवाजात तक्रार असती तर मी ती सोसली असती. तक्रार नव्हतीच. मला माझीच इतकी किळस आली, की दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला. फाल्गुनात धामणगाव रेल्वेला शिबिर आहे असं कळलं होतं. मी स्वतः त्यांना गाडीनं घेऊन गेले.

एका शाळेच्या वर्गात बाकं हलवून जमिनीवर रुग्णांच्या गाद्या घातल्या होत्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सात दिवस दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. मी चमच्यानं पेज भरवायची. पट्टी सुटल्यावर डोळ्यावर हिरवं फडकं आलं आणि आम्ही घरी परतलो. चष्मा महिन्याभरानं मिळणार होता. तोवर आकार दिसणार नाही, नुसता उजेड आणि रंग दिसतील, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तो महिना मी पदर पुढे ओढून, पाठ करून, अंधाऱ्या बाजूला बसून काढला. माझ्याच घरात मी चोरासारखी वावरत होते.

चैत्र लागला. ऊन असं तापलं की वॉलफ्लॉवरची झाडं एकामागून एक वाळली. एक झाड मी गोणपाटाची सावली करून आणि तीनदा पाणी देऊन जगवलं. त्याला सात-आठ तुरे टिकून होते. आत्याबाईंना निदान फूल दाखवायचं, एवढं मी ठरवलं होतं. माझ्या तोंडाचं काय व्हायचं ते होवो.

नवऱ्यानं चष्मा आणला तो रविवारी सकाळी. बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं. मी स्वयंपाकघरात दडले. अंगणात नवऱ्यानं आईला चष्मा घातलेला मी दाराच्या फटीतून पाहिला. आत्याबाईंनी आधी आपले हात पाहिले, मागून पुढून. मग मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “टकला झाला तू.” मग हळूहळू भिंतीकडे गेल्या, गोणपाट उचललं आणि वाकून त्या झाडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हे?” त्या म्हणाल्या. “एवढुसं? याच्यासाठी गाव गोळा केलं होतं तिनं?” आणि मग, “कुठं हाये ती? बलाव.”

नवऱ्यानं हाक मारली. पाय उचलत नव्हते, पण गेले. पदर मागे घेतला. लपायचं तर पुरतं लपावं, नाहीतर समोर जावं. त्यांच्यासमोर उन्हात उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले, कारण नजर खाली जाताना मला बघायची नव्हती.

 मग त्यांची बोटं माझ्या गालावर आली. खरखरीत, हिरव्या पाल्यानं कायमची काळी पडलेली. गालावरून कपाळावर, कपाळावरून नाकावर फिरली. अकोल्याला फिरली होती तशीच, त्याच क्रमानं. मी डोळे उघडले. त्या जाड भिंगांमागे त्यांचे डोळे खूप मोठे झाले होते आणि सरळ माझ्याकडे रोखलेले होते.

“कावून व लपत होती महिनाभर?”

“माह्यं तोंड...” 

“तोंडाले काय झालं? देवीचे वन? ते तं मले तवाच लागले होते हाताले, तुह्या मायच्या घरी.” त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. “मले शेंडा न् पान हातानं समजते, अन् मानसाचं तोंड नाई समजन काय?”

मी तिथंच खाली बसले. त्याही शेजारी टेकल्या, चष्मा नाकावर नीट केला आणि परत माझं तोंड दोन्ही हातांत धरून, मान तिरपी करून, अगदी जवळून न्याहाळलं.

“काळी हायेस पन,” त्या म्हणाल्या. “हे बोटाले समजलं नव्हतं. माह्यावानीच काळी हायेस.” आणि खुशीत येऊन त्यांनी पुन्हा आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.